पहिल्या रकान्यात पाहुणा

प्रत्येक माणूस एकमेव असतो, त्याच्यासारखा दुसरा पुन्हा होत नाही, यावर विश्वनाथ गर्जे सरांची अढळ श्रद्धा होती. ही गोष्ट ते वर्षानुवर्षं, प्रत्येक माणसाबद्दल, त्याच शब्दांत सांगत आले.

सर आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. शाळा सिरसाळ्याच्या पुढे, रस्त्याला लागून. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये आम्ही. मी विज्ञान शिकवत असे. आसपासच्या गावांत मात्र गर्जे सरांना मराठीचे शिक्षक म्हणून कोणी ओळखत नसे. ते मानपत्राचे सर होते. कोणी निवृत्त झालं, कोणी निवडून आलं, कोणाचा मुलगा पोलिसात लागला, की सरांना निरोप यायचा. मग सोनेरी वेलबुट्टीचा जाड कागद, त्यावर दाट मजकूर आणि खाली ‘आपले स्नेहांकित’. एकदा त्यांना थेट आष्टी तालुक्यातल्या कड्याहून बोलावणं आलं. जिल्ह्याच्या या टोकाचा मजकूर त्या टोकाला गेला, याचा उल्लेख त्यानंतर सर पाणी मागतानासुद्धा करत.

मजकूर एकच होता. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. सत्कारमूर्ती वटवृक्षासमान असायचे. ते चंदनासारखे झिजलेले असायचे. शेवटी ते दीपस्तंभ व्हायचे. समुद्र आमच्यापासून किती लांब आहे हे भूगोलाच्या शिक्षकांनी एकदा सुचवून पाहिलं होतं, पण दीपस्तंभ राहिला. मानपत्र ऐकायचं नसतंच. ते उभं राहून, दोन्ही हातांनी, फोटोग्राफरकडे बघत स्वीकारायचं असतं.

याचा पुरावा गोदावरीबाई. त्या आमच्याकडे गणित शिकवायच्या. सरांनी पहिलं मानपत्र लिहिलं ते जुने मुख्याध्यापक किसनराव सर यांच्यासाठी, आणि त्यात एक वाक्य होतं: ‘आपल्या भरदार मिशांआडून कधी कठोर शब्द बाहेर आला नाही.’ पुढे ज्यांना मिशा नसतील त्यांच्या वेळी सर हे वाक्य काढून टाकत. गोदावरीबाईंच्या निवृत्तीच्या वेळी ते काढायचं राहून गेलं. सरांनी ते भर मंडपात, आवाज चढवून, ‘भरदार’वर जोर देऊन वाचलं. टाळ्या झाल्या. बाईंनी मानपत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि सिरसाळ्याच्या घरी, समोरच्या खोलीत लावलं.

सरांच्या बोलण्यात साधं वाक्य सहसा नसायचं. स्टाफरूममध्ये चहा आला तर ते म्हणत, “आता आपल्यासमोर चहा येत आहे.” ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खायचो त्या माणसांशी त्यांनी माझी ‘विज्ञानमहर्षी’ म्हणून पुन्हा पुन्हा ओळख करून दिली. मोटारसायकलच्या डिकीत एक शाल आणि एक नारळ कायम असायचा. शाल एकच. ती ज्याच्या खांद्यावर पडे त्याने कार्यक्रम संपल्यावर घडी करून परत द्यायची, ही पद्धत आमच्याकडे इतकी रुळली होती की एका नव्या शिक्षकाने ती घरी नेली तेव्हा स्टाफरूममध्ये दोन दिवस कोणी त्याच्याशी धड बोललं नाही.

आम्ही मुलांची सहल घेऊन कपिलधारला गेलो होतो. येताना एसटी बंद पडली. ड्रायव्हरने खाली उतरून, अंगाला काळं फासून घेऊन, बऱ्याच खटपटीनं ती सुरू केली. तो वर चढणार एवढ्यात सरांनी त्याला दारातच थांबवलं. शाल निघाली, नारळ निघाला. सरांनी मुलांना रस्त्याच्या कडेला ओळीत उभं केलं आणि ‘ज्यांच्या हातात आपल्या प्रवासाची सूत्रं आहेत’ अशी सुरुवात केली. ड्रायव्हरचा शर्ट तेलकट, शाल पांढरी. तो बिचारा दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा. वटवृक्ष येईपर्यंत गाडी पुन्हा बंद पडली होती.

आणखी एकदा गावातल्या एका वृद्ध गृहस्थांची शोकसभा होती. आभार प्रदर्शन सरांकडे. त्यांनी मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, पाणी देणाऱ्या मंडळाचे आभार मानले आणि शेवटी फोटोकडे वळून, हात जोडून म्हणाले की ज्यांच्यामुळे आज आपण सर्व जण एकत्र आलो त्यांचेही मनःपूर्वक आभार. घरच्यांनी डोळे पुसले. नंतर मोठ्या मुलाने सरांना बाजूला घेऊन सांगितलं की शब्द लई चांगले होते.

ही सगळी मानपत्रं छापायचे ते आमचे कारकून सय्यदभाई. सर लॅपटॉपवर नाव बदलून फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून देत आणि सय्यदभाई ऑफिसच्या प्रिंटरमध्ये सोनेरी कागद उलटा जाऊ नये म्हणून श्वास रोखून उभे राहत. कधीमधी फाइल उघडायची नाही, तेव्हा सय्यदभाईंना सगळं पुन्हा टाइप करावं लागे; छापून झालं की सर पेनड्राइव्ह पुसून ठेवत. सय्यदभाई दिसायला लांबट, दाढी राखलेली, मिशा सफाचट. कामाला ढिले, बोलायला तिखट. जिल्ह्यात सरांची सगळी मानपत्रं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला हा एकच माणूस होता.

त्यांची निवृत्ती जवळ आली तशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना एक उत्सुकता लागली. सर काय वाचणार? सय्यदभाईंनीच एक दिवस विषय काढला.

“सर, माझ्या येळंला वटवृक्ष नको,” ते म्हणाले. “चंदन बी नको. इतक्या बारी छापलंय की बोटाला वास यायलाय. माझं मानपत्र माझं पायजे.”

सर उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवला. “सय्यदभाई, शब्द दिला.”

बाकी कोणी असता तर आम्ही ते विसरून गेलो असतो. पण गर्जे सर शब्दाला पक्के होते. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्या दिवसापासून ते कामाला लागले, आणि अडचण लॅपटॉपची निघाली.

लॅपटॉप जुना, जाड आणि पाटासारखा जड. सर घंटा व्हायच्या आधी बटण दाबून ठेवत. मग प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, हजेरी. पहिला तास संपवून ते परत येत तोवर पडद्यावर डोंगराचं चित्र आलेलं असे. चिन्हं दुसऱ्या तासाला येत. आतून कोणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज यायचा. कोणी घाई केली तर सर म्हणत, “यंत्र चिंतनात आहे.”

पण सय्यदभाईंच्या मानपत्राच्या वेळी त्यांनाही ते चिंतन सोसेना. त्यांचं म्हणणं असं, की विचार येतो तेव्हा यंत्र नसतं आणि यंत्र येतं तेव्हा विचार गेलेला असतो. यावर सय्यदभाई म्हणाले, “मंग कागदावर लिवा की, सर. कागद लगीच चालू होतो.” सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. कागदावर लिहिणं त्यांनी बरीच वर्षं सोडलं होतं. कागदावर नुसतं नाव बदलायची सोय नसते.

शेवटी आम्ही दोघं परळीला गेलो. दुकानदाराने लॅपटॉप कानाशी धरून आवाज ऐकला, डॉक्टर ऐकतात तसा. म्हणाला, “सर, ह्याच्यात हार्डडिस्क हाय, ती फिरती. फिरत फिरत हुडकती, मंग देती. तुमी एसएसडी टाका. ती फिरतच न्हाई. जाग्यावर बसून सगळं देती.”

“म्हणजे स्थितप्रज्ञ,” सर म्हणाले.

दुकानदार म्हणाला, कंपनी कोणतीही घ्या, चालंल.

नवी डिस्क त्याने सरांच्या तळहातावर ठेवली तेव्हा सर थोडे नाराज झाले. वजनच नव्हतं. पत्त्यांच्या जोडाएवढी, त्याहून पातळ. एवढ्या किरकोळ वस्तूला हार घालायचा कुठं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. दुकानदार म्हणाला, लॅपटॉप ठेवून जा, जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवून देतो. सरांनी नकार दिला. मानपत्र समारंभाआधी परक्याच्या नजरेला पडू नये, असा त्यांचा नियम होता. मग त्याने नवी डिस्क बाहेरून जोडायची एक पेटी दिली, एक पेनड्राइव्ह दिला आणि समजावून सांगितलं. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा. पडद्यावर दोन रकाने येतील. पहिल्यात एक डिस्क निवडा, दुसऱ्यात दुसरी, आणि बटण दाबा. कोणती कुठं, हेही त्याने सांगितलं. पण तेव्हा सर दुकानाच्या भिंतीवरचं त्याच्या वडिलांचं मानपत्र वाचत होते. ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

शनिवारी शाळा अर्धी असते. शाळा सुटल्यावर स्टाफरूमच्या फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात मजकूर आला: ‘जुन्या डिस्कला निरोप व नूतन डिस्कचे स्वागत’. आमच्या मुख्याध्यापिका, हेडबाई, अध्यक्ष. त्या चहा असेल तिथे अध्यक्ष होत आणि कार्यक्रम लवकर आटपत, म्हणून सगळ्यांना आवडत. जुनी डिस्क लॅपटॉपच्या पोटात असल्यामुळे शाल लॅपटॉपला घातली गेली. नवी डिस्क पेटीत, पेटी ताम्हणात. हेडबाई फक्त एवढंच म्हणाल्या की कुंकू बटणांत जाऊ देऊ नका.

प्रास्ताविक झालं. जुन्या डिस्कने कशी निरलस सेवा केली, ती कशी अहोरात्र फिरत राहिली, हे ऐकताना सय्यदभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आता चंदन येतंय बघा.” चंदन आलं. मग नारळ फोडायची वेळ झाली आणि सरांच्या मते हे काम विज्ञानाचं असल्यामुळे मला बाहेर पाठवण्यात आलं.

मी पायरीवर नारळ फोडून खोबऱ्याच्या वाट्या घेऊन आत आलो, तेव्हा सगळे लॅपटॉपभोवती दाटीनं उभे होते. मधल्या काळात काय झालं ते मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी सारखंच सांगितलं. पडद्यावर दोन रकाने आले. सर क्षणभरही अडले नाहीत. त्यांनी जन्मभर निमंत्रणपत्रिका लिहिल्या होत्या. प्रमुख पाहुणे आधी, यजमान नंतर. यात कधी चूक झाली तर माणसं मंडपातून उठून जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पाहुण्याला, म्हणजे नव्या डिस्कला, पहिल्या रकान्यात बसवलं. यजमान दुसऱ्या रकान्यात. पहिल्यातलं उचलून दुसऱ्यात टाकायचं, असा त्या रकान्यांचा अर्थ होता. आमच्या जिल्ह्यात तो अर्थ कोणालाही चुकीच्या बाजूनंच लागला असता. यंत्राने एक इशारा दिला. तो इंग्रजीत होता आणि बराच मोठा होता, म्हणून सरांनी तो अभिनंदनाचा मानला.

मी पाहिलं ते एवढंच, की हेडबाईंचं बोट बटणावर होतं आणि सर म्हणत होते, “...यांच्या शुभहस्ते.” बटण दाबलं गेलं. टाळ्या वाजल्या. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. आम्ही खोबरं खाल्लं, चहा प्यालो. कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा, कणभरही न सांडता, जुन्या डिस्कवर उतरत होता.

पट्टी पूर्ण झाल्यावर मागचे स्क्रू काढायचं काम पुन्हा विज्ञानाकडे आलं. मी जुनी डिस्क काढली, नवी बसवली. सरांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि थांबली.

“चिंतनात आहे,” सर म्हणाले.

आम्ही थांबलो. हेडबाई घरी गेल्या. मग जुनी डिस्क परत बसवून पाहिली. तीच ओळ. दोन्ही डिस्कांचं एकमत झालेलं होतं.

परळीच्या दुकानदाराने दोन्ही डिस्का लावून पाहिल्या. मग म्हणाला, “सर, पुसलं असतं तर काढून दिलं असतं. हे तर सारवलंय.”

त्याने नव्या डिस्कवर सगळं नव्याने घालून दिलं. लॅपटॉप आता बटण दाबलं की लगेच सुरू व्हायचा. सर सवयीने बटण दाबून प्रार्थनेला निघत आणि तो मागून हाक मारल्यासारखा वाजायचा. सर दचकून वळत. पडद्यावर डोंगर, चिन्हं, सगळं हजर. आत काहीच नाही.

स्टाफरूममध्ये सरांनी जाहीर केलं की सय्यदभाईंचं मानपत्र जवळपास पूर्ण झालं होतं आणि तेच नेमकं गेलं. हे खरं होतं का, हे सांगू शकणारा एकच साक्षीदार होता आणि त्याला हेडबाईंच्या शुभहस्ते सारवलेलं होतं. सय्यदभाई म्हणाले, “जाऊ द्या, सर. गेलं ते गेलं. महिनाअखेरीला वेळ हाय अजून.” हे ते मजेत म्हणाले. पण सर मजेत नव्हते. आता यंत्राचं कारण उरलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी त्यांना पाहत असे: समोर पांढरा पडदा, त्यावर ‘आदरणीय’ एवढा एक शब्द, आणि त्याच्या पुढे उघडमीट करणारी ती उभी रेघ. डबा तसाच असायचा. एकदा त्यांनी मला विचारलं, “सय्यदभाई कसे आहेत हो?” मी म्हटलं, बरे आहेत, ऑफिसात आहेत. ते म्हणाले, “तसं नव्हे. कसे आहेत?” इतकी वर्षं माणसांबद्दल बोलणाऱ्या या गृहस्थाला हा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता आणि तो त्यांना पेलत नव्हता.

शेवटी त्यांनी ठरवलं की जुनं एखादं मानपत्र बघितल्याशिवाय सुरुवात सुचणार नाही. शब्द बदलू, पण गाडीला धक्का तर पाहिजे. जवळचं घर गोदावरीबाईंचं. आम्ही मोटारसायकलवरून सिरसाळ्याला गेलो. बाईंनी चहा केला, आणि सरांनी येण्याचं कारण सांगितल्यावर खुर्चीवर चढून स्वतः फ्रेम खाली काढली. पदराने काच पुसली आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागल्या. वटवृक्ष वाचला, चंदन वाचलं. मिशा आल्या तेव्हा थांबल्या. सर खाली बघत होते.

“सर, राग नका मानू,” बाई म्हणाल्या. “एवढ्या मोठ्या कागदात एका खऱ्या माणसाबद्दल एकच वाक्य आहे. ते माझ्याबद्दल नाही, एवढंच.”

नंतर त्या किसनराव सरांबद्दल बोलत बसल्या. त्यांच्या मिशा खरोखरच भरदार होत्या आणि ते खरोखरच कोणावर ओरडत नसत. रागावले की मिशीचं एक टोक चावत. सरांनी ते तेव्हा नीट पाहून लिहिलं होतं. निघताना बाईंनी फ्रेम परत खिळ्याला लावली. सरांनी मजकूर उतरवून घेतला नव्हता. रस्त्यानं त्यांनी कड्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. त्यांच्या बाबतीत ही चिंतेचीच गोष्ट होती.

त्यानंतर सर आठवडाभर ऑफिसात जाऊन बसू लागले. सय्यदभाई वैतागले. मला म्हणाले, “कावून बसतेत हो हे इथं? काम न्हाई, धाम न्हाई. नुस्तं बघत राहतेत. मला तर पेन कानावर ठेवायची बी लाज वाटायलीय.”

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. सय्यदभाईंच्या घरचे सगळे आले होते. अंबाजोगाईहून मेहुणे, सुना, नातवंडं. हेडबाई बोलल्या, संस्थेचे अध्यक्ष बोलले. मग सर उठले. हातात सोनेरी कागद होता, पण त्यावर मजकूर इतका थोडा होता की वेलबुट्टीच जास्त दिसत होती. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्यांनी वाचलं ते असं:

“सय्यदभाई, तुम्ही रोज उशिरा आलात, पण संध्याकाळचं कुलूप तुम्हीच लावलंत. तुमच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर मी कधी बंद झालेला पाहिला नाही. हेडबाई आल्या तरी तुम्ही खुर्चीतून उठत नव्हता, गुडघ्याचं कारण सांगत होता. पण ऊसतोडीला निघालेली माणसं ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून पोराच्या दाखल्यासाठी आली, की तुम्ही भाकरी अर्धी ठेवून उठायचात. तेव्हा तुमचा गुडघा दुखला नाही. माझी सगळी मानपत्रं तुम्ही छापलीत आणि एकदाही हसला नाहीत, निदान माझ्यासमोर. मला एवढंच लिहिता आलं.”

आणि सर खाली बसले.

टाळ्या वाजल्या नाहीत. संपलं हेच कोणाला कळलं नाही. आमच्या लोकांना वटवृक्षाला टाळी वाजवायची सवय. वटवृक्ष यायचा आहे म्हणून सगळे थांबले होते. फोटोग्राफर कॅमेरा धरून तसाच उभा. सय्यदभाई खुर्चीत बसून समोर पाहत होते, नंतर त्यांनी चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला. मग हेडबाईंनी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी वाजवली. शाल पडली, घडी होऊन परत आली.

मागच्या रांगेत मात्र मेहुणे बिघडले होते. त्यांचं म्हणणं, सगळ्या दुनियेला वटवृक्ष म्हटलं आणि आमच्या भाईजानला उशिरा येतात म्हटलं, तेही माइकवर. सुनांचंही तेच. एवढे पाहुणे लांबून आले ते ड्रॉवर ऐकायला का?

दोन-तीन दिवसांनी सय्यदभाई सवयीनं शाळेत आले, उशिराच. नवा कारकून अजून हजर झाला नव्हता. ते आपल्या जुन्या खुर्चीत बसले, कॉम्प्युटर लावला आणि मधल्या सुट्टीपर्यंत टाइप करत राहिले. समोर कागद नव्हता. वटवृक्षापासून दीपस्तंभापर्यंत सगळं त्यांना पाठ होतं. स्वतःचं नाव घालून, मिशांचं वाक्य तेवढं सोडून, त्यांनी सोनेरी कागदावर एक प्रत काढली. मग सरांपुढे येऊन उभे राहिले. मी बाजूलाच वह्या तपासत होतो.

“सर, राग मानू नका,” ते म्हणाले. “तुमचं ते खरं होतं. पण खरं भिंतीवर लावता येत न्हाई. पाव्हणे वाचतेत.”

सर म्हणाले, “योग्य केलंत.” आणि खाली ‘आपले स्नेहांकित’च्या पुढे सही करून दिली.

जाताना सय्यदभाईंनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. “पुरं हाय त्याच्यात. मिशांसकट. तुमचं तुमाला परत.” सरांनी तो लॅपटॉपला लावला. लॅपटॉप तत्काळ उघडला, फाइल तत्काळ उतरली. त्या चपळ, नव्याकोऱ्या डिस्कवर तेवढी एकच फाइल होती.

मी पुढे एकदा सय्यदभाईंच्या घरी गेलो होतो. समोरच्या खोलीत वटवृक्ष, फ्रेममध्ये, प्लास्टिकच्या हारासह. समारंभात वाचलेल्या मानपत्राबद्दल मी विचारलं नाही. ते मला एक पुस्तक द्यायला कपाट उघडायला उठले, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला, सदरे टांगतात तिथे, सोनेरी कागद चिकटपट्टीने लावलेला दिसला. त्यांनी दार पटकन लावलं आणि गुडघ्याबद्दल तक्रार केली.

गर्जे सरही पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांनी स्वतःसाठी काही लिहायला नकार दिला. यजमानाने स्वतःचं कौतुक करू नये, असं त्यांचं मत. मग हेडबाईंनी सय्यदभाईंना निरोप पाठवला आणि सय्यदभाईंनी मानपत्र आणून दिलं. नाव बदललेलं होतं. बाकी काही बदललं नव्हतं. विसरून की मुद्दाम, हे मी त्यांना विचारलं आणि ते दाढी खाजवत मंडपाकडे बघत राहिले.

हेडबाईंनी चांगलं वाचलं. सर मंचावर उभे होते, खांद्यावर तीच शाल, मान किंचित कललेली. वटवृक्षाला टाळ्या पडल्या. चंदनाला पडल्या. मग हेडबाई त्या वाक्यावर आल्या: ‘आपल्या भरदार मिशांआडून कधी कठोर शब्द बाहेर आला नाही.’ पहिल्या रांगेत गोदावरीबाई बसल्या होत्या, त्यांनी टाळी सगळ्यांच्या आधी वाजवली. सरांनी डोळे मिटले. मंडप टाळ्यांनी दणाणला, आणि सरांनी दोन्ही हातांनी, फोटोग्राफरकडे बघत, मानपत्र स्वीकारलं. तो फोटो अजून स्टाफरूममध्ये आहे.

गर्जे सरांना मिशा नाहीत.